दाखला न मागणारं ताट

१९७२ सालचा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना मिलो म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. परदेशातून आलेली ती लालसर ज्वारी रेशनच्या दुकानात मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची आणि गार झाली की वातड व्हायची. मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात सहावीत होतो. वडील पोस्टात असल्यामुळे आमच्या घरी महिन्याच्या महिन्याला पगार येई. त्यामुळे मिलोची का होईना, पण भाकरी रोज होती. आई ती लसणाच्या चटणीबरोबर फडक्यात बांधून माझ्या दफ्तरात ठेवून द्यायची.

एके दिवशी मधल्या सुट्टीत दफ्तर उघडलं, तर फडकं रिकामं. मी तडक गुरुजींकडे गेलो. चोर शोधायला वेळ लागला नाही. बस्करावर माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाच्या ओठांना चटणी लागलेली होती. गुरुजींनी त्याला वर्गासमोर उभं करून तीन छड्या मारल्या. तो रडला नाही, काही बोललाही नाही. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही, आणि नंतर कधीच आला नाही. त्याचे आई-वडील गावाबाहेरच्या खडी केंद्रावर कामाला होते. तिथं सुकडी वाटली जायची. तो तिकडे गेला.

त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. कदाचित त्याची नातवंडं आज शाळेत असतील आणि हा लेख त्यांच्या हाती पडायचा. पुढं मी बँकेत अधिकारी झालो, निवृत्त झालो, चार कादंबऱ्या लिहिल्या. एकाही कादंबरीत त्याला आणायचं धाडस मला झालं नाही. गुरुजी वाईट नव्हते. मीही वाईट नव्हतो; माझी भाकरी गेली होती. पण खेड्यातल्या त्या शाळेत फळा होता, छडी होती, घंटा होती, आणि पोट रिकामं असलेल्या मुलासाठी काहीच नव्हतं, एवढं मात्र खरं.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात आजोबा-पणजोबांनी माधुकरी मागून, वार लावून शिक्षण केल्याच्या गोष्टी अभिमानानं सांगितल्या जातात. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवायचं आणि कुणी मन दुखावलं तरी ते गिळायचं. त्या जिद्दीला नमस्कारच केला पाहिजे. पण माधुकरी मिळत होती कुणाला, हेही एकदा विचारायला हवं. ज्याला उंबऱ्याच्या आत घेतलंच जात नव्हतं, त्या मुलानं वार लावायचा कुठं?

या प्रश्नाचं उत्तर आपल्याच मातीत शोधलं गेलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत आणि एकाच चुलीवरचं जेवत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडलं, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. शिकवायचं असेल तर आधी जेवू घालावं लागतं, हे त्या माउलीला कुठल्याही अहवालाशिवाय कळलं होतं.

सरकारी पातळीवर वाट दाखवली ती दक्षिणेनं. मद्रास महापालिकेनं १९२० साली थाउजंड लाइट्स भागातल्या आपल्या एका शाळेत मुलांना खाणं द्यायला सुरुवात केली. स्वतः लहानपणी शाळा सोडावी लागलेल्या कामराजांनी मुख्यमंत्री असताना १९५६ साली दुपारच्या जेवणाची योजना आणली. एम. जी. रामचंद्रन यांनी १ जुलै १९८२ पासून तिचा मोठा विस्तार केला. तिजोरीला हे झेपणार नाही, अशी टीका तेव्हा झाली. तिजोरी बुडाली नाही. उलट त्याच राज्यानं सप्टेंबर २०२२ पासून प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही द्यायला सुरुवात केली.

आपल्याकडे ही गोष्ट आली ती तांदळाच्या पिशवीतून. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारनं प्राथमिक शाळांसाठी राष्ट्रीय पोषण आहार कार्यक्रम सुरू केला. आपल्यासह बऱ्याच राज्यांत शिजवलेलं अन्न न देता, ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो धान्य दिलं जाई. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका ग्रामीण शाखेत होतो. शाखा आणि शाळा समोरासमोर. तांदूळ वाटपाच्या दिवशी डोक्यावर पिशवी घेतलेल्या मुलांची रांग मला काउंटरवरून दिसायची. आमच्या शाखेत झाडलोट करणाऱ्या बाईंची मुलगी तिसरीत होती. एकदा मी सहज विचारलं, ''तांदूळ पुरतो का हो तिला महिनाभर?'' त्या हसल्या. म्हणाल्या, ''साहेब, घरात खाणारी तोंडं सात. तिचा म्हणून वेगळा शिजवू काय?''

तीन किलो तांदूळ घरी गेला की तो घराचा होतो, मुलीचा राहत नाही. आणि तो तसा होणारच. कुठल्याही आईला दोष देता येणार नाही. शाळेत, मधल्या सुट्टीत, ताटात वाढलेलं अन्न मात्र त्या मुलीच्याच पोटात जातं. हा साधा फरक कायद्याच्या भाषेत यायला २००१ साल उजाडलं. अन्नाच्या हक्काच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला. सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं असलेलं शिजवलेलं जेवण, वर्षातून किमान २०० दिवस द्या, असं त्यात बजावलं. एप्रिल २००४ च्या आदेशात न्यायालयानं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. स्वयंपाकाच्या कामावर दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या, आणि दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण चालू ठेवा. पुढं सहावी ते आठवीची मुलं यात आली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं हे जेवण हक्क म्हणून मान्य केलं. २०२१ साली योजनेचं नाव 'पीएम पोषण' झालं, तेव्हा देशभरातल्या ११ लाख २० हजार शाळांतली सुमारे ११ कोटी ८० लाख मुलं तिच्या कक्षेत होती.

या योजनेतली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट सांगतो. त्यासाठी पुन्हा बँकेत जावं लागेल. ऐंशीच्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जप्रकरणं माझ्या टेबलावर यायची. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला म्हैस किंवा शेळ्या घ्यायला कर्ज आणि अनुदान, असा तो कार्यक्रम. अर्जाला कागद जोडावे लागत. एक विधवा बाई शेळ्यांसाठी अर्ज घेऊन आली. आज हा दाखला नाही, उद्या तो नाही, असं करत मी तिला चार वेळा परत पाठवलं. नियम माझ्या बाजूनं होते. तिची मात्र प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडत होती. पाचव्यांदा ती आलीच नाही. मी फाइलवर 'अर्जदार हजर नाही' असा शेरा मारला आणि फाइल कपाटात गेली. गरिबाला गरिबी सिद्ध करायला जो खर्च येतो, त्याची नोंद कुठल्याच खतावणीत होत नाही.

शाळेतलं ताट असा दाखला मागत नाही. शाळेत आलास ना, मग बस पंगतीला. तुझा बाप सावकार असो वा सालगडी. भुकेलेलं मूल 'मी भुकेला आहे' असं चारचौघांत कधीच म्हणत नाही. ते पोट दुखतंय म्हणतं, गृहपाठ विसरतं, नाहीतर शेजाऱ्याची भाकरी खातं. म्हणून सगळ्यांना वाढायचं, म्हणजे कुणाला हात पसरावा लागत नाही. 'ज्यांना गरज आहे त्यांनाच द्या, पैसा वाचेल' असं म्हणणारे सुशिक्षित लोक मला भेटतात. त्यांना मी त्या बाईची गोष्ट सांगतो.

आता थोडा हिशेब. धान्य सरकारी गोदामातून येतं. डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला आणि इंधन यांसाठी १ मे २०२५ पासून ठरवलेला दर आहे पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, आणि सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे. म्हणजे प्राथमिकची चाळीस मुलं असतील, तर दिवसाचे २७१ रुपये २० पैसे. त्यात प्रत्येक मुलाला २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल बसवायचं. घरचा बाजार करणाऱ्या गृहिणीनं एकदा हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यानं आठवड्यातून एकदा अंडं, आणि न खाणाऱ्याला केळं, द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून सोय करा, असं शाळांना कळवलं. ज्या गावात लोकांनाच अंडं परवडत नाही, तिथं लोकसहभाग आणायचा कुठून, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. स्वयंपाक करणाऱ्या बायकांचं मानधन २०२३ साली वाढलं, ते वाढून महिन्याला अडीच हजार रुपये झालं. राज्याची पुढची पिढी ज्यांच्या हातचं जेवते, त्यांची ही किंमत.

आणि काही मुलं तर पंगतीपर्यंत पोचतच नाहीत. आमच्या बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळीनंतर गावंच्या गावं ऊसतोडीला जातात. ताट गावच्या शाळेत असतं आणि मूल कारखान्याच्या तळावरच्या कोपीत. अशा मुलांना गावातच ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली. जिथं ती नीट चालतात, तिथं मूल शाळेत टिकतं. जिथं उशिरा सुरू होतात, तिथं ते बैलगाडीत बसून आई-बापाबरोबर निघून गेलेलं असतं. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा तर सगळ्यांचंच ताट गेलं आणि पुन्हा कोरडा शिधा घरी जाऊ लागला. सात तोंडांचा तोच प्रश्न पुन्हा आला.

गेल्या पावसाळ्यात मी आमच्या भागातल्या एका शाळेत गेलो होतो. पाचवी ते दहावीची शाळा. मधली सुट्टी झाली, ओसरीत पंगत बसली. खिचडीचा वास सुटला होता. पाचवीतला एक मुलगा ताट घेऊन पंगतीत न बसता शाळेमागच्या लिंबाकडे गेला. तिथं त्याची बहीण उभी होती. ती नववीत. कायद्यानं जेवण आठवीपर्यंत, चौदा वर्षांपर्यंत. जूनमध्ये वर्ग बदलला आणि तिचं ताट बंद झालं. दोघं एका ताटात जेवली. मग तिनं ताट घासून आणून दिलं.

मी स्वयंपाक करणाऱ्या मावशींकडे पाहिलं. त्या मुलाला त्यांनी इतरांपेक्षा जास्त वाढलं होतं, हे माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. जुनी सवय, विचारून गेलो, ''मावशी, हे हिशेबात कसं बसवता?''

पातेलं खरवडता खरवडता त्या म्हणाल्या, ''पळीला काय कळतंय सायेब, पाचवी का नववी?''

मुख्याध्यापकांना मी काही विचारलं नाही. निघताना त्यांनीच हळूच सांगितलं, ''जेवणाच्या वेळी मी जरा ऑफिसातच बसतो.''

सरकारनं नववी-दहावीच्या मुलामुलींनाही हे ताट द्यावं, असं मला मनापासून वाटतं. भूक वर्ग पाहून थांबत नाही, आणि शेतमजुराच्या मुलीची शाळा सुटते ती नेमकी याच वयात. मावशींचा मोठा हात आणि मुख्याध्यापकांचं ऑफिसात बसणं, यावर एक मुलगी आज जेवते आहे. उद्या मावशी बदलल्या, किंवा मुख्याध्यापक हिशेबाला काटेकोर निघाले, तर?

परतीच्या वाटेवर बस्करावरचा माझा सोबती आठवत राहिला. त्या दिवशी त्यानं चोरी न करता माझ्याकडे भाकरी मागितली असती, तर मी अर्धी दिली असती का? मनाला पुष्कळ विचारून पाहिलं. दिली असती असं छातीठोकपणे सांगता येत नाही. माझी भाकरी एकच होती, आणि मलाही भूक होती. म्हणूनच मुलांचं जेवण माझ्यासारख्याच्या मर्जीवर सोडून चालत नाही.