आधी ओझं उतरवा, मग कुदळ उचला

नापिकी, कर्ज, घरातला मृत्यू, सुटलेली नोकरी, लांबलेलं आजारपण. कारण काहीही असो, अशा काळात माणसाच्या तीन गोष्टी बहुतेक एकदमच ढासळतात: शरीराची ताकद, दिवसाची घडी आणि अंगावरची जबाबदारी पेलण्याचा विश्वास. त्या परत उभ्या करायच्या तर आधी कुठली, मग कुठली? वर्धा जिल्ह्यात याचं फार स्वच्छ उदाहरण घडलेलं आहे. ते विनोबा भावे यांचं आहे. त्यांच्या भूदान चळवळीबद्दल आणि 'गीताई' या गीतेच्या मराठी रूपांतराबद्दल आपण पुष्कळ वाचतो. पवनारला प्रकृती सावरण्यात गेलेल्या त्यांच्या दहा महिन्यांकडे मात्र आरोग्याच्या अंगानं फारसं कुणी पाहत नाही.

१९३८चं दुखणं

विनोबा १९२१मध्ये वर्ध्याला आले आणि आश्रमाच्या कामात बुडून गेले. पुढे वर्ध्याजवळच्या नालवाडीला असताना त्यांनी सूतकताईच्या मजुरीवर माणूस जगू शकतो का, याचा प्रयोग स्वतःवरच केला. तासन्‌तास कताई आणि मोजकं खाणं. शरीर मुळात धडधाकट नव्हतंच. १९३८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांचं वजन ८८ पौंडांवर, म्हणजे सुमारे ४० किलोंवर आलं.

बातमी सेवाग्रामला गांधीजींपर्यंत गेली. त्यांनी विनोबांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की इथे राहा, तुमची शुश्रूषा मी करतो. विनोबांनी नकार दिला. तुमच्यामागे पन्नास कामं, रोग्यांची सेवा हे त्यातलं एक, आणि त्या रोग्यांतला मी एक, अशा अर्थाचं त्यांचं उत्तर होतं. मग थंड हवेच्या ठिकाणाचा विषय निघाला. विनोबांनी पवनार निवडलं. वर्ध्याहून नागपूरकडे जाताना आठ-दहा किलोमीटरवर धाम नदीच्या काठी जमनालाल बजाजांचा बंगला होता. गांधीजींना हे पटलं, कारण गरिबाला कुठलं महाबळेश्वर परवडणार! त्यांनी अट मात्र एक घातली: सगळ्या कामांची काळजी मागे ठेवून जायचं.

ओझं उतरवणं म्हणजे काय

ही अट विनोबांनी अक्षरशः पाळली. पवनारचा पूल ओलांडताना त्यांनी सगळ्याचा त्याग केल्याचा संकल्प मनाशी तीन वेळा उच्चारला. आश्रम, संस्था, चालू असलेली कामं, कुणाचं काय चाललं असेल ही विवंचना, सगळं पुलाच्या अलीकडे राहिलं. दिवसाचा बराच वेळ ते मनात काही न आणता नुसते राहू लागले.

माझ्या मते त्यांच्या बरं होण्याचा अर्धा भाग इथेच आहे, आणि नेमका हाच भाग आपण गाळतो. अडचणीत सापडलेला माणूस एकाच सोमवारी सगळं करायला निघतो. पहाटे पाचला उठणं, तासभर धावणं, तंबाखू बंद, कर्जाचा हिशेब, मुलांचा अभ्यास. चार दिवसांत हे मोडतं आणि आधीच्या दुःखात आपल्याच्यानं काहीच होत नाही या भावनेची भर पडते.

संसारी माणसाला विनोबांसारखं सगळं सोडता येत नाही, हे उघड आहे. पण थोडं बाजूला काढता येतं. बँकेचे कागद, घरातली दोन कामं, नात्यातला एखादा वाद हे ठरावीक मुदतीसाठी भावाकडे, बहिणीकडे, मित्राकडे सोपवता येतं. मुदत मात्र बोलून ठरवावी. 'पोळ्यापर्यंत हे तू बघ' असं स्पष्ट सांगितलं की घेणाऱ्यालाही बरं वाटतं आणि देणाऱ्याच्या मनावर पळाल्याचा डाग राहत नाही.

कुदळ आणि घड्याळ

पवनारला विनोबांनी व्यायामासाठी खणायला घेतलं. सुरुवात पाच मिनिटांची. मग रोज थोडी थोडी वाढ, मध्ये थांबून विसावा, पुन्हा खणणं. दहा महिन्यांत त्यांचं वजन ८८वरून १२८ पौंडांवर गेलं. म्हणजे सुमारे अठरा किलोंची भर, तीही वर्ध्याच्या हवेत. ज्या गावात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तिथे. याच खणण्यात भरत-राम भेटीचं जुनं शिल्प जमिनीतून निघालं. ते आजही पवनारच्या आश्रमात पाहायला मिळतं.

पाच मिनिटं हा आकडा फार विचाराचा आहे. चाळीस किलो वजनाच्या, थकलेल्या माणसाला अर्धा तास खणायला लावलं असतं तर दुसऱ्या दिवशी तो उठला नसता. पाच मिनिटं इतकी थोडी आहेत की 'आज जमत नाही' म्हणायला जागाच राहत नाही. आणि ती घड्याळावर मोजता येतात, त्यामुळे उद्या किती करायचं याचा वाद स्वतःशी घालावा लागत नाही.

शरीरात काय घडतं

बाजेवर पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू फार लवकर घटतात. दोन आठवड्यांत मांड्यांत फरक जाणवतो, वय जास्त असेल तर अधिकच. मग जिना चढताना धाप लागते, धाप लागते म्हणून चालणं टळतं, आणि न चालल्यामुळे स्नायू आणखी उतरतात. हे चक्र उलटं फिरवण्याचा मार्ग म्हणजे शरीराला सवयीपेक्षा किंचित जास्त काम देणं, विश्रांती देणं आणि पुन्हा किंचित वाढवणं. इथे एक खाच आहे. स्नायूंना ताकद लवकर येते, पण त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा आणि सांधे मागे राहतात. म्हणून तिसऱ्या आठवड्यात अंगात जोर आल्यासारखं वाटतं तेव्हाच गुडघा किंवा पाठ दुखावते. जोर आला तरी वाढ ठरल्याइतकीच ठेवावी.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. भरभर चालणंही त्यात येतं. हे पोहोचायचं ठिकाण आहे, पहिल्या दिवसाचं काम नव्हे. उन्हाळ्यात इथे सकाळी सातच्या आत किंवा दिवस मावळल्यावरच चालावं. वर्ध्यातल्यांना हनुमान टेकडी आहे, गावात वावराचा धुरा आहे. आणि खाणं सुटलेलं असेल तर आधी ते जागेवर आणावं. डाळ, भाकरी, भाजी, दूध, जमलं तर अंडं. उपाशी शरीराला व्यायाम बांधत नाही, खंगवतो.

मन लागत नाही, तरीही

'मन लागलं की सुरू करीन' हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. उदास मनाच्या बाबतीत क्रम बहुतेक उलटा असतो: आधी कृती, मागून मन. नैराश्यावरच्या उपचारांत हे तत्त्व आता रुळलेलं आहे. गोव्यात 'संगत' या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत याचा प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी नैराश्यानं ग्रासलेल्या लोकांबरोबर बसून रोजच्या छोट्या कामांची आखणी केली: कुणाला भेटायचं, कुठलं काम पुन्हा हाती घ्यायचं. सहा ते आठ भेटींच्या या उपचाराचा स्पष्ट फायदा झाला आणि २०१७मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातही 'विश्राम' नावाचा उपक्रम तीस गावांत चालला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन ताण आणि नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. विदर्भातला माणूस मदत घेत नाही असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. मदत त्याच्या दारापर्यंत गेली तेव्हा त्यानं घेतली.

सवय किती दिवसांत लागते

एकवीस दिवसांत सवय लागते, असं सर्रास सांगितलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसामाणसांत १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत फरक दिसला. म्हणजे तीन आठवड्यांत जमलं नाही म्हणून स्वतःला दोष देण्याचं कारण नाही. त्याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकल्यानं सवय मोडत नाही.

नवी सवय रोजच्या एखाद्या पक्क्या गोष्टीला बांधली की टिकते. चहा झाला की चालायला निघायचं, बैलांना चारा टाकला की दंड-बैठका. सेवाग्राम आश्रमाचा दिवस याच तत्त्वावर चाले. पहाटे चारला उठण्याची घंटा, प्रार्थना, सफाई, स्वयंपाकघरातलं काम, कताई, संध्याकाळचं फिरणं. प्रत्येक गोष्टीला तिची वेळ. दिवस विस्कटला असेल तर निदान उठण्याची वेळ एकच ठेवा. रात्री झोप लागो न लागो, सकाळी त्याच वेळी उठून उजेडात या. झोपेची घडी तिथूनच बसू लागते.

दत्तपूर: जबाबदारीनं उभी राहिलेली माणसं

शरीर आणि सवय यांच्यानंतर जबाबदारीची पाळी येते. ती फार उशिरा आली तरी माणूस सुकतो. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला १९३६मध्ये मनोहर दिवाण यांनी कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं. दिवाण विनोबांच्याच आश्रमातले. कुष्ठरोगावर खात्रीचं औषध तेव्हा नव्हतं. घरानं आणि गावानं टाकलेली ही माणसं भीक मागून जगत. दत्तपूरला त्यांच्या हाती शेती आली, कताई-विणाई आली, आवाराची देखभाल आली. बोटं झडलेल्या माणसालाही जमेल असं काम शोधलं गेलं. ज्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही असं मानलं गेलं होतं, त्याच्यावर पिकाचं पाणी अवलंबून राहू लागलं.

सेवाग्रामला परचुरे शास्त्री आले तेव्हा गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ झोपडी दिली. संस्कृतचे हे पंडित कुष्ठरोगानं जर्जर झाले होते. देशाच्या राजकारणाचा भार डोक्यावर असताना गांधीजी स्वतः त्यांना मालिश करत. पुढे शास्त्रीबुवा दत्तपूरला गेले आणि त्यांचा शेवट तिथेच झाला.

आपल्या घरात दत्तपूरचा अर्थ साधा आहे. सावरत असलेल्या माणसाला एक काम पूर्ण द्या, तुकडा नको. परसातल्या भाज्यांचं पाणी, नातवाला शाळेत सोडणं, डेअरीला दूध घालणं. ते त्याचंच आहे, हे घरानं मान्य करावं. आणि एखाद्या दिवशी चुकलं तर लगेच हातातून काढून घेऊ नये. वर्धा हा विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या सहा जिल्ह्यांपैकी एक आहे. इथे कर्ता माणूस खचला की घरचे प्रेमापोटी त्याच्याकडून सगळंच काढून घेतात. डवरणीचा निर्णयही त्याला विचारत नाहीत. हेतू चांगला असतो, पण त्याला आपण संपलो असं वाटू लागतं. धोक्याच्या दिवसांत फवारणीची औषधं मात्र घराबाहेर, कुलपात ठेवावीत. यात संकोच नको.

विनोबांना काम परत मिळालं ते असं

बरे झाल्यावर विनोबा लगेच मोठ्या कामावर धावले नाहीत. पवनारच त्यांचं ठिकाण झालं. वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांना निवडलं, आणि १७ ऑक्टोबर १९४०ला त्यांनी सत्याग्रह केला तो पवनारलाच. १९५१मध्ये, वयाची पंचावन्न वर्षं उलटल्यावर, ते इथूनच पायी तेलंगणाकडे निघाले. तिथे १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाची सुरुवात झाली. पुढे तेरा वर्षं ते देशभर चालत होते. ८८ पौंडांचा माणूस होता हा.

विनोबांचं काय घेऊ नये

१९३८च्या दुखण्यात विनोबांनी डॉक्टरकडे जायचं नाकारलं होतं. ते आपण करू नये. वजन कारण नसताना घटत असेल, छातीत दुखत असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर कुदळ उचलण्याआधी तपासणी करून घ्यावी. वर्ध्यात जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे आणि तिथे मनोविकार विभागही आहे.

दारूबद्दल वेगळं सांगायला हवं. वर्धा दारूबंदीचा जिल्हा असला तरी दारू घरं पोखरते आहे, हे कुणाला सांगायला नको. रोज भरपूर पिणाऱ्यानं निश्चय करून एका दिवसात सोडली तर हात थरथरणं, भास होणं, झटके येणं असे त्रास होऊ शकतात. त्यात जीवही जातो. म्हणून सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली.

आणि मरणाचे विचार येत असतील, दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, गोडी सगळं गेलं असेल, तर हा लेख बाजूला ठेवून कुणाशी तरी बोला. सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालू आहे आणि मराठीत बोलता येतं. नंबर १४४१६. तो घरात सगळ्यांना दिसेल अशा भिंतीवर लिहून ठेवा.