पाच आकड्यांची बोरसी

छत्तीसगडमधल्या दुर्गच्या बोरसीत मराठी घरात वाढणाऱ्या मुलाला दोन शुद्धलेखने सांभाळावी लागतात. शाळेच्या हिंदी वहीत राज्याचे नाव ‘छत्तीसगढ़’ आणि नागपूरच्या आजीला धाडलेल्या निरोपात तेच ‘छत्तीसगड’. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते, त्यामुळे इकडे ही दुहेरी कसरत जुनीच. आजी दोन्ही नीट वाचते. पण हा मुलगा जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा शिकायला बसला, की त्याची गाठ तिसऱ्या शुद्धलेखनाशी पडते. इथे आजीसारखे समजून घेणारे कोणी नसते.

व्हेरिएबल म्हणजे किमतीला दिलेले नाव. समजा, त्याने रोमन लिपीत ‘बोरसी’ नावाचे व्हेरिएबल केले आणि त्यातला बी मोठा लिहिला. दोन ओळींनंतर तेच नाव छोट्या बीने वापरले, की पडद्यावर लाल अक्षरांत तक्रार उमटते: असे नाव माझ्याकडे नाही. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरे नसतातच. म्हणून आपल्याला हा निव्वळ हटवादीपणा वाटतो.

तसा तो नाही. संगणकाला अक्षर दिसतच नाही, दिसतो तो अक्षराला दिलेला क्रमांक. मोठा बी ६६, छोटा बी ९८. मोठा ए ६५, छोटा ए ९७. झेडपर्यंत कुठलीही जोडी घ्या, अंतर बरोबर ३२. आपण ज्याला एकच अक्षर म्हणतो, ते संगणकाच्या लेखी दोन वेगळे आकडे असतात.

आता खरी गंमत. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला. १९९७ च्या पहिल्या प्रमाण आवृत्तीत नावांतली अक्षरे रोमनच असावी लागत. १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीने जगभरच्या लिप्यांना दार उघडले. म्हणून आज व्हेरिएबलचे नाव चक्क देवनागरीत ‘बोरसी’ ठेवता येते. लेट, कॉन्स्ट, इफ हे भाषेचे स्वतःचे शब्द मात्र रोमनमध्येच लिहावे लागतात. ‘बोरसी२’ चालते, ‘२बोरसी’ चालत नाही, कारण नावाची सुरुवात आकड्याने करता येत नाही. मध्ये मोकळी जागाही सोडता येत नाही.

हे नाव संगणकाच्या पोटात कसे बसते ते पाहा: ब २३४८, ओची मात्रा २३७९, र २३५२, स २३६०, दीर्घ वेलांटी २३६८. पाच आकडे झाले, की बोरसी झाली. घाईत ‘बोरसि’ लिहिले, तर शेवटचा आकडा २३६७ होतो. फरक फक्त एकाचा, पण व्हेरिएबल दुसरेच! ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला भेद ज्याने शाळेत गिरवला आहे, त्याला जावास्क्रिप्टचा हा स्वभाव परका का वाटावा? मोठ्या-छोट्या अक्षरांची शिस्त आपल्याला नवी असेल, वेलांटीची नक्कीच नाही.

पण छत्तीसगढ़चा ढ़ वेलांटीवरही मात करतो. तो दोन प्रकारे टाइप होतो: २३९७ या एकाच क्रमांकाने, किंवा ढ २३३८ आणि त्याखालचा नुक्ता २३६४ अशा जोडीने. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. मात्र जावास्क्रिप्टला लांबी विचारलीत, तर एका ‘छत्तीसगढ़’ची ८ भरते आणि दुसऱ्याची ९. ही दोन व्हेरिएबलांची नावे असली, तर ती दोन निराळी व्हेरिएबले ठरतात. डोळे फाडून पाहिले तरी चूक सापडणार नाही. म्हणूनच अनुभवी मंडळी सहसा साध्या रोमन अक्षरांतली नावे पसंत करतात.

तिथेही सापळे आहेतच. चुकीच्या नावाची किंमत मागितलीत, तर यंत्र ओरडते, हे आपले नशीब. त्या नावात किंमत भरायला गेलात, तर जुन्या सैल पद्धतीत ते मुकाट्याने नवे व्हेरिएबल तयार करते. बेरीज एका डब्यात, आपण शोधतोय दुसऱ्यात! २००९ च्या पाचव्या आवृत्तीत आलेली ‘यूज स्ट्रिक्ट’ ही ओळ फायलीच्या डोक्यावर लिहिली, की हा मुकेपणा संपतो आणि तिथेही तक्रार येते.

ब्राउझर या भाषेला जी तयार नावे पुरवतो, तीही धडा देतात. ‘गेट एलिमेंट बाय आयडी’ या जोडनावातला शेवटचा डी छोटा असतो. तो मोठा लिहून तासभर डोके धरून बसलेले नवशिके कमी नाहीत. ‘एक्सएमएल एचटीटीपी रिक्वेस्ट’ या नावात तर एक्सएमएलची तिन्ही अक्षरे मोठी आणि एचटीटीपीचे फक्त पहिलेच मोठे. एकाच नावात दोन रिती.

म्हणून नवशिक्यांनो, पहिल्या दिवशीच एक रीत ठरवा. पहिला शब्द छोट्या अक्षराने, पुढच्या प्रत्येक शब्दाचे आद्याक्षर मोठे, मधे जागा नाही. उंटाच्या पाठीसारखी वर-खाली होणारी ही रीत जावास्क्रिप्टच्या जगात सर्वमान्य आहे. नाव असे ठेवा, की सहा महिन्यांनी वाचले तरी आत काय आहे ते कळेल. आणि लाल अक्षरे उमटली, तर यंत्राला दोष देण्याआधी वेलांटी तपासावी तसे नावाचे एकेक अक्षर तपासा.