हाडांत दडलेले शिसे

अहिल्यानगर जिल्ह्यात बॅटरी-दुरुस्तीच्या किंवा डाख देण्याच्या कामावर असलेल्या बाईच्या शरीरात शिशाची धूळ श्वासावाटे आणि न धुतलेल्या हातांवाटे जाऊ शकते. काम सुटले म्हणजे धोका संपला का? नाही. शरीर शिशाला कॅल्शियमसारखेच वागवते आणि हाडांत साठवते. तिथे ते २० वर्षेही राहू शकते. गरोदरपणी बाळासाठी आईच्या हाडांतले कॅल्शियम निघते. त्याबरोबर शिसेही रक्तात उतरते, वार ओलांडून गर्भात पोचते आणि मेंदूच्या वाढीत अडथळा आणू शकते. हे व्यंग जन्मताच दिसत नाही; पुढे मूल शाळेत मागे पडते. म्हणून दिवस गेल्यावर काम बदलणे पुरेसे नाही. खेळती हवा, जेवणाआधी साबणाने हात धुणे, रक्ततपासणी, पुरेसे कॅल्शियम ही काळजी आधीपासूनच हवी. दहावीनंतर कामाला लागणाऱ्या मुलींना हे वर्गातच सांगू या.