सतरावा संदर्भ आणि आगरकरांचे साल

प्रबंध जवळजवळ पुरा झालेला असतो आणि गाईड सांगतात, तिसऱ्या पानावर अमुक शोधनिबंधाचा उल्लेख हवाच. वैद्यकीयच्या विद्यार्थ्याला तेव्हा घाम फुटतो. 1978 मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकूव्हरला जमले, त्यातून रूढ झालेल्या पद्धतीत संदर्भांना मजकुरातल्या क्रमाने आकडे पडतात. मध्ये एक घुसला की सतराचा अठरा, अठराचा एकोणीस, थेट शेवटपर्यंत. इंजिनिअरिंगची आयईईई पद्धतही आकड्यांचीच. मलकापूरचे कृष्णा वैद्यकीय आणि 1960 सालचे शासकीय अभियांत्रिकी अशी दोन्ही महाविद्यालये असलेल्या कराडात हे दुखणे घरोघरचे आहे.

त्यावर उपाय म्हणजे झोटेरो, मेंडेली, एंडनोट ही संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअरे. झोटेरो 2006 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासकारांनी काढले आणि ते फुकट आहे. आमची शिफारस त्याचीच. शोधनिबंधाचा डीओआय किंवा पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक दिला की लेखक, साल, नियतकालिक आपोआप भरले जाते. वर्डमध्ये आकडा टंकायचा नसतो, संदर्भ निवडायचा असतो. आकड्यामागे सांकेतिक खूण राहते, म्हणून नवा संदर्भ घातला की पुढचे सगळे आपसूक सरकतात. एखादा शोधनिबंध मागाहून मागे घेतला गेला असेल, तर तसा इशाराही मिळतो.

कला शाखेत मात्र खरी कसोटी लागते. समजा, विषय आगरकर. कराडजवळच्या टेंभूचे, जन्म 1856. त्यांच्या 1888 मध्ये सुरू झालेल्या ‘सुधारक’मधल्या लेखाला डीओआय कुठून असणार? सगळे हातानेच भरायचे. त्यातून विद्यार्थ्याने लेख वाचलेला असतो म. गं. नातू आणि दि. य. देशपांडे यांनी संपादित केलेल्या ‘आगरकर-वाङ्मया’त. मग साल कोणते? संग्रहाचे नुसते दिले तर आगरकर विसाव्या शतकात लिहीत होते असे दिसते, आणि ते तर 1895 मध्येच गेले. झोटेरोत ‘एक्स्ट्रा’ नावाचा रकाना असतो. मूळ प्रकाशनाचे साल तिथे नोंदवले की एपीए पद्धतीत दोन्ही साले शेजारी छापली जातात. पण ही नोंद करायची, हे यंत्राला सुचत नाही. जुन्या पुस्तकावर नुसता शक असेल तर 78 मिळवून इसवी सन काढायचा, तोही आपणच. (प्रकाशन जानेवारी ते चैत्र लागण्यापूर्वीचे असेल तर 79.) लेखकाच्या नावाची आद्याक्षरेही यंत्रावर न सोडता पुस्तकावर छापली आहेत तशीच भरावीत.

चॅटजीपीटीला संदर्भसूची मागणारेही आता भेटतात. चॅटजीपीटी कधीकधी नसलेला शोधनिबंध खऱ्या लेखकाच्या नावावर खपवते आणि वर डीओआयही देते. तो क्रमांक डीओआयच्या संकेतस्थळावर टाकला की बऱ्याचदा सोंग उघडे पडते. क्रमांक खरा निघाला तरी लेखाचे नाव जुळते का, ते पाहावे.

मराठी प्रबंधाची आणखी एक अडचण डीटीपीच्या दुकानात निघते. झोटेरोतली मराठी युनिकोडमध्ये असते. टंकन श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात झाले असेल, तर सगळा मजकूर त्या फॉन्टात घेताच संदर्भांची खिचडी होते. शिवाय फाइल पेजमेकरमध्ये गेली की आकड्यांमागच्या खुणा पुसल्या जातात. तेव्हा पहिले प्रकरण टंकायला देण्याआधीच युनिकोडचे ठरवून घ्यावे, आणि गाईडचा शेवटचा बदल होईपर्यंत फाइल वर्डमध्येच ठेवावी.