रोपवाटिकेच्या पाण्यासाठी स्वस्त मायक्रोकंट्रोलर बोर्ड

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत मुंबईच्या उपनगरांत गच्चीवरील भाजीपाला व लहान रोपवाटिका यांना पाणी बहुधा अंदाजाने दिले जाते. पाणी कमी पडल्यास रोपे सुकतात. अधिक झाल्यास मुळे कुजतात. मातीतील ओल पाहून पंप चालू-बंद करण्याचे काम एका लहानशा बोर्डाकडून करून घेता येते.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये सामावलेला छोटा संगणक होय. अर्डुइनो बोर्डाची सुरुवात २००५ साली इटलीत झाली. त्याचा आराखडा सर्वांस खुला असल्याने इतर उत्पादकही तसेच बोर्ड कमी किमतीत बनवितात. अर्डुइनो उनो ५ व्होल्टवर चालतो. ईएसपी३२ बोर्डात वाय-फायची सोय आहे; परंतु त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या असल्याने ५ व्होल्टचा संकेत थेट जोडल्यास चिप निकामी होण्याचा संभव असतो.

खरेदीसाठी लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंची प्रसिद्ध पेठ आहे. अंधेरी-बोरिवलीकरांनी धीम्या लोकलने ग्रँट रोड स्थानकावर उतरावे. घाटकोपर-मुलुंडकरांनी दादरला गाडी बदलावी. दोन-तीन दुकानांत भाव पाहावा. केबल केवळ चार्जिंगची नसावी. तीतून प्रोग्रॅमही जावयास हवा. शक्य तर दुकानातच बोर्ड लावून पाहावा.

जोडणी करताना पुढील दक्षता घ्यावी :

(१) उघड्या धातूच्या दांड्यांचा ओल-संवेदक लवकर गंजतो. त्याऐवजी कपॅसिटिव्ह संवेदक घ्यावा.

(२) कोरड्या मातीतील व पाणी देऊन निथळलेल्या मातीतील आकडे टिपून घ्यावेत. पंप सुरू करण्याची मर्यादा या दोहोंच्या दरम्यान ठेवावी.

(३) पंप बोर्डाच्या पिनेस थेट जोडू नये; मध्ये रिले असावा. आरंभी १२ व्होल्टचा लहान पंप वापरावा. २३० व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

(४) संवेदक मातीतून निघून आल्यास बोर्डास माती कोरडीच भासते व पंप थांबत नाही. यास्तव पंप एका वेळी किती मिनिटे चालावा, याची कमाल मर्यादा प्रोग्रॅममध्ये अवश्य घालावी.

प्रोग्रॅम लिहिण्याचे अर्डुइनोचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. पवई येथील आय.आय.टी. मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात अर्डुइनोवरील पाठही विनामूल्य आहेत. ग्रामसेवकांनी व बागायतदारांनी प्रथम एकाच वाफ्यावर आठवडाभर प्रयोग करावा. रोज हाताने माती चाचपून बोर्डाचा आकडा पडताळावा आणि मेळ बसल्यावरच सर्व वाफे त्याच्यावर सोपवावेत.