पाहुणे जातात, कचरा राहतो

सख्यांनो, फेब्रुवारी-मार्च आला की मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बघायला पाहुणे येतात. ते गावातल्याच घरांत राहतात, घरचं जेवतात. आपल्या काही जणीही घरगुती मुक्काम किंवा तंबू चालवतात. चार पैसे मिळतात, पण मागे बाटल्या आणि वेफर्सची पाकिटंही राहतात.

गेल्या हंगामात एका ताईंनी पोतंभर बाटल्या साठवल्या. भंगारवाल्याने घेतल्याच नाहीत. का? त्यातच उष्ट्या पत्रावळी, सांडलेली आमटी! एकत्र कचऱ्याला भाव नसतो.

म्हणून तीन डबे ठेवा. 2016 च्या घनकचरा नियमांतही हेच तीन भाग होते.

ओला: खरकटं, भाज्यांचे देठ, साली. खड्ड्यात टाकून वर पालापाचोळा आणि माती घाला. माडांना खत होईल. माशाचे काटे खोल पुरा, नाहीतर कुत्री उकरतात.

सुका: बाटल्या, काच, पुठ्ठा, पत्र्याचे डबे. बाटल्या-डबे विसळून वाळवा, पुठ्ठा कोरडा ठेवा. प्रत्येकाचं पोतं वेगळं.

घातक: सेल, बल्ब, जुनी औषधं. मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

प्लॅस्टिक जाळू नका, चुलीत तर नकोच; धूर विषारी असतो. उडून वाळूत गेलं तर पिल्लांची समुद्राकडची वाट अडते. मोठी कासवं पिशव्या खाणं समजून गिळतात. आणि कासवंच नसतील तर पाहुणे कशाला येतील?

पाहुण्यांना पहिला चहा देतानाच डबे दाखवा. सांगायला लाजू नका. पुढच्या बैठकीत सगळ्यांची पोती मोजू आणि भंगारवाल्याला एकदमच बोलावू.