ऑर, बॉबी

(२० मार्च १९४८ – ). बर्फावरील हॉकी (आइस हॉकी) या खेळातील कॅनडाचा ख्यातनाम व्यावसायिक खेळाडू. पूर्ण नाव रॉबर्ट गॉर्डन ऑर. बचावपटूचे काम केवळ गोल वाचविण्याचे नसून चढाई उभारण्याचेही असते, ही कल्पना मुख्यतः त्याच्या खेळामुळे दृढमूल झाली. तथापि गुडघ्याच्या दुखापतींमुळे त्याची कारकीर्द वयाच्या तिसाव्या वर्षीच संपुष्टात आली.

बर्फावरील हॉकीत प्रत्येक बाजूस एका वेळी सहा खेळाडू असतात : एक गोलरक्षक, दोन बचावपटू व तीन आघाडीचे खेळाडू. चेंडूऐवजी सु. ७·६ सेंमी. व्यासाची व २·५ सेंमी. जाडीची कठीण रबराची चकती असते. क्रीडांगण सु. ६१ मी. लांब व २६ मी. रुंद असून त्याभोवती फळ्यांचे कुंपण असते. प्रतिस्पर्ध्यास अंगाने धडक देऊन चकतीपासून दूर करणे नियमांच्या मर्यादेत संमत आहे. बचावपटूने आपल्या गोलापुढील जागा मोकळी ठेवावी, चढाई थोपवावी आणि चकती हाती लागताच ती आघाडीच्या खेळाडूकडे सोपवून मागेच राहावे, अशी जुनी रीत होती. एडी शोअर, डग हार्वी यांसारख्या खेळाडूंनी ऑरच्या आधीही ही चौकट सैल केली होती. परंतु बचावपटूने गोलांच्या संख्येत आघाडीच्या खेळाडूंची बरोबरी करावी, अशी अपेक्षा कोणी करीत नसे.

ऑरचा जन्म आँटॅरिओ प्रांतातील पॅरी साउंड या जॉर्जियन उपसागराकाठच्या लहान गावी झाला. हिवाळ्यात गोठणाऱ्या पाण्यावर तो बालपणीच स्केटवर धावण्यात तरबेज झाला. बारा वर्षांचा असतानाच ‘बॉस्टन ब्रुइन्स’ या संघाच्या निरीक्षकांचे लक्ष त्याच्याकडे गेले. त्या काळी ‘नॅशनल हॉकी लीग’ मधील संघ कुमारवयीन खेळाडूंना कराराने आपल्याशी बांधून ठेवीत. १९६२ मध्ये, चौदाव्या वर्षी, ऑर असा करारबद्ध झाला व ‘ओशावा जनरल्स’ या कुमार संघातून आपल्याहून वयाने मोठ्या मुलांबरोबर खेळू लागला. १९६६ मध्ये अठराव्या वर्षी त्याने बॉस्टनच्या मुख्य संघात प्रवेश केला आणि पहिल्याच हंगामात उत्कृष्ट नवोदित खेळाडूस मिळणारा कॉल्डर करंडक पटकाविला.

ऑरच्या यशाचे मूळ त्याच्या स्केटवरील प्रभुत्वात होते. वेग एकाएकी वाढविणे, तो तितक्याच सहजतेने रोखणे व चकती काठीशी ठेवून तीव्र वळण घेणे या गोष्टी त्याला साधल्या होत्या. चकती दुसऱ्याकडे न सोपविता तो स्वतःच ती घेऊन संपूर्ण क्रीडांगण पार करी. अशा वेळी मागची जागा मोकळी राहण्याचा धोका असतो. परंतु चढाई फसल्यास तो प्रतिस्पर्ध्यांच्या आधी परत येऊ शके, म्हणून संघाला हा धोका पत्करणे परवडे. १९७०–७१ च्या हंगामात त्याने ३७ गोल केले व १०२ गोलांना साहाय्य केले. गोल व साहाय्य यांस प्रत्येकी एक गुण धरला जातो. त्यानुसार झालेले १३९ गुण हा बचावपटूचा एका हंगामातील उच्चांक अद्याप अबाधित आहे. त्याच हंगामात तो बर्फावर असताना बॉस्टनने केलेले गोल, संघावर झालेल्या गोलांपेक्षा १२४ ने अधिक होते (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना केलेले गोल या हिशेबात धरीत नाहीत). हाही उच्चांकच आहे. त्याच्या चढायांनी बचाव दुबळा झाला नाही, याचे यावरून प्रत्यंतर येते.

१९६८ ते १९७५ अशी सलग आठ वर्षे उत्कृष्ट बचावपटूचा नॉरिस करंडक त्याला मिळाला. १९७० ते १९७२ या तिन्ही वर्षी सर्वांत मोलाच्या खेळाडूचा हार्ट करंडक त्याच्याकडे आला. सर्वाधिक गुणांसाठीचा आर्ट रॉस करंडक त्याने १९७० व १९७५ मध्ये मिळविला. हा मान मिळविणारा तो एकमेव बचावपटू होय. १० मे १९७० रोजी सेंट लुईस ब्लूज संघाविरुद्ध अतिरिक्त वेळेच्या चाळिसाव्या सेकंदास त्याने विजयी गोल केला आणि बॉस्टनला २९ वर्षांनी स्टॅन्ली करंडक मिळाला. गोल होताच प्रतिस्पर्ध्याच्या काठीने पाय उचलला जाऊन ऑर हवेत आडवा फेकला गेला. रे लुसिए याने टिपलेले त्या क्षणाचे छायाचित्र क्रीडाविश्वात अजरामर झाले आहे. १९७२ च्या स्टॅन्ली करंडकाचा निर्णायक गोलही ऑरनेच केला.

ज्या खेळाने ऑर मोठा झाला, त्यानेच त्याच्या गुडघ्यांवर ताण आणला. प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीतून चकती नेणाऱ्याला धडका अधिक बसतात आणि तीव्र वळणाचा भार गुडघ्याच्या सांध्यावर पडतो. डाव्या गुडघ्यावर त्याला वारंवार शस्त्रक्रिया करवून घ्याव्या लागल्या. दुर्बिणीच्या साहाय्याने सांध्यावर करावयाच्या शस्त्रक्रिया त्या काळी सार्वत्रिक नव्हत्या. सांधा उघडून फाटलेली कूर्चा काढून टाकणे हाच प्रचलित उपाय होता. कूर्चा गेल्यावर हाडे एकमेकांवर घासली जातात. कॅनडा व सोव्हिएट संघ यांच्यातील १९७२ ची गाजलेली सामनेमालिका गुडघ्यामुळे ऑरला खेळता आली नाही. १९७५–७६ मध्ये तो बॉस्टनकडून केवळ दहा सामने खेळू शकला. तरीही सप्टेंबर १९७६ मधील ‘कॅनडा कप’ स्पर्धेत तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

त्याच वर्षी तो ‘शिकागो ब्लॅक हॉक्स’ संघात गेला. त्याचे व्यवहार १९६६ पासून ॲलन ईगलसन हा वकील पाहत असे. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या खेळाडूंच्या संघटनेचा तोच कार्यकारी संचालक होता. बॉस्टनने ऑरला संघाच्या मालकीतील १८·५ टक्के हिस्सा देऊ केला होता; परंतु ही गोष्ट ईगलसनने त्याला सांगितली नाही आणि ती त्याला फार उशिरा कळली. शिकागोत तो तीन हंगामांत मिळून २६ सामनेच खेळू शकला. न खेळता वेतन घेणे योग्य नव्हे, या भावनेने त्याने वेतनाचे धनादेश वटविले नाहीत. नोव्हेंबर १९७८ मध्ये निवृत्त होताना त्याची आर्थिक स्थिती हलाखीची होती. पुढे त्याने ईगलसनशी संबंध तोडले. १९९८ मध्ये ईगलसनने अमेरिकेच्या व कॅनडाच्या न्यायालयांत फसवणुकीच्या गुन्ह्यांची कबुली दिली व त्याला तुरुंगवास झाला. ऑरने स्वतः पुढे तरुण खेळाडूंचा प्रतिनिधी म्हणून व्यवसाय केला.

लीगमधील ६५७ सामन्यांत ऑरने २७० गोल व ६४५ साहाय्ये अशी एकूण ९१५ गुणांची कामगिरी केली. निवृत्तीनंतरची नेहमीची प्रतीक्षेची मुदत माफ करून १९७९ मध्ये त्याला ‘हॉकी हॉल ऑफ फेम’ मध्ये स्थान देण्यात आले. त्याच वर्षी बॉस्टन संघाने त्याचा ४ हा क्रमांक कायमचा राखून ठेवला. बॉस्टनमधील क्रीडागृहाबाहेर २०१० मध्ये त्याचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला असून १९७० च्या छायाचित्रातील आडव्या झेपेचे दृश्य त्यात साकारले आहे. १९८५–८६ मध्ये पॉल कॉफी याने ४८ गोल करून ऑरचा ४६ गोलांचा उच्चांक मोडला. चढाई करणाऱ्या बचावपटूंची जी परंपरा पुढे निर्माण झाली, तीच ऑरच्या अल्पकालीन कारकीर्दीची खरी फलश्रुती मानली जाते.